तिसरं माणूस

आठवड्यात १६८ तास असतात. डिमेन्शिया झालेल्या आईला किंवा वडिलांना एकटं सोडता येईनासं झालं की त्यातल्या प्रत्येक तासाला घरात कुणीतरी असावं लागतं, आणि नुसतं असून भागत नाही, त्याचं लक्ष त्यांच्याकडे असावं लागतं. घरी शुश्रूषेला बाई पाठवणारे पुण्या-मुंबईतले ब्युरो हा आठवडा बारा-बारा तासांत कापतात. सकाळी आठ ते रात्री आठ ही दिवसपाळी, रात्री आठ ते सकाळी आठ ही रात्रपाळी, अशा आठवड्याला चौदा. एका बाईने सहा दिवस काम करून एक दिवस सुट्टी घेतली तर दोघींच्या मिळून बारा होतात. दोन उरतात. गावची जत्रा, पोराचा ताप, बंद पडलेली लोकल, दिवाळी, नातलगाचं लग्न हे सगळं धरलं की उरलेल्यांची संख्या वाढते. बहुतेक घरं दोन बायका ठेवतात आणि सोय झाली असं मानतात. उरलेले तास कोण भरतं हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ते माहीत असतं. सून भरते, जवळ राहणारी मुलगी भरते, नाहीतर स्वतः सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारी पत्नी भरते.

दोन जागांना तीन माणसं लागतात आणि ते तिसरं माणूस आपण हिशेबात धरत नाही, हे मला या लेखात सांगायचं आहे. घरातल्या पेशंटची शुश्रूषा कोलमडते तेव्हा आपण दोष माणसांच्या मनाला देतो. मुलांना माया राहिली नाही, सुनेला जड झालं, बाया हल्ली टिकत नाहीत. मी अनेक घरांत पाहिलं आहे की माया भरपूर होती, बाईही चांगली होती, आणि तरीही सहा महिन्यांत घर थकलं. तिथे तासांचा हिशेबच मुळात चुकलेला होता.

सुरुवात बहुधा एखाद्या प्रसंगाने होते. गॅस तासभर नुसताच चालू राहतो. बँकेतून परतणारे वडील बिल्डिंगचं फाटक ओलांडून सरळ पुढे निघून जातात आणि संध्याकाळी स्वारगेटच्या स्टँडवर सापडतात. धावपळ होते, सोसायटीतल्या कुणाकडून ब्युरोचा नंबर मिळतो, दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन एक मावशी दारात उभी राहते. औषधांचा डबा कुठे आहे ते तिला दाखवलं जातं आणि माणसं कामाला निघून जातात. एका संध्याकाळच्या घबराटीत केलेली ही सोय किती काळ पुरायची असते? अल्झायमरचं निदान झाल्यावर माणूस साधारण चार ते आठ वर्षं जगतो, काही जण वीस वर्षंसुद्धा. लग्नाचा हॉल ठरवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. आठ वर्षांची ही सोय मात्र दोन फोनवर ठरते.

पूर्वी हे सगळं घरातच व्हायचं, मग आता इतका बाऊ कशाला, असं वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात आठवणीची सच्चाई आहे, म्हणून ते बाजूला सारू नये. पण काय व्हायचं ते नीट आठवावं. स्वातंत्र्याच्या वेळी या देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचं होतं, आज ते सत्तरच्या आसपास आहे. भ्रमिष्ट झालेले आजोबा तेव्हाही असत, पण थोडे असत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला वाड्यात दिवसभर घरीच असणाऱ्या चार-पाच बायका असत. त्यांचे तास कुणी मोजले नाहीत. आज तो वाडा नाही, त्या बायका नोकरीला जातात, आणि म्हातारी माणसं कितीतरी जास्त आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं डिमेन्शियासह जगत आहेत. २०३६ पर्यंत ती १ कोटी ६९ लाख होतील असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. बदलला नाही तो एकच भाग. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, आणि त्यात त्यांची दिवसाला सुमारे १४० मिनिटं जात होती. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. यात लहान मुलांचं करणंही आलं. पण घरात पेशंट आला की जास्तीचे तास कुणाच्या अंगावर पडतात हे कळायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

तास मोजून झाले तरी प्रश्न अर्धाच सुटतो, कारण डिमेन्शियाचे तास एकसारखे नसतात. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं काम जड असतं, पण त्याला एक क्रम असतो. कूस बदलायची, अंग पुसायचं, डायपर बदलायचा, नळीतून भरवायचं. डिमेन्शियाच्या मधल्या टप्प्यातला पेशंट हिंडता-फिरता असतो. तो कडी काढतो, नळ सोडून येतो, उशाखाली पोळी लपवतो, एकच प्रश्न पाच-पाच मिनिटांनी विचारतो. हे काम हातांपेक्षा मनाला दमवतं, आणि ते दिवसाच्या ठरावीक वेळी उसळतं. बऱ्याच पेशंटांचा त्रास दुपार उलटली की वाढायला लागतो. तिन्हीसांजा झाल्या की स्वतःच्याच घरात बसलेली आई 'मला घरी जायचंय' म्हणत चपला शोधते. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेले वडील ऑफिसची बॅग मागतात. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. आणि ब्युरोची पाळी बदलते रात्री आठला. दिवसपाळीच्या बाईला पुढे लोकल गाठून नालासोपाऱ्याला किंवा कळव्याला पोचायचं असतं, त्यामुळे साडेसातपासून तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. रात्रपाळीची बाई वाटेत अडकलेली. सून नुकतीच ऑफिसातून आलेली, कुकर लावायच्या गडबडीत. पेशंट सर्वांत जास्त अस्वस्थ असतो तेव्हाच त्याच्याजवळ सर्वांत कमी माणूस असतं.

म्हणून बारा तासांची पाळी हीच मुळात तपासून पाहायला हवी. ती पेशंटच्या आजारातून आलेली नाही. फोनवर ठरवायला, पैसे आकारायला आणि माणूस पाठवायला ती ब्युरोला सोपी पडते, एवढंच तिचं कारण आहे. सकाळी सात ते एक हा काळ अंघोळ, नाश्ता, औषधं आणि जेवण यांचा असतो, त्याला तयार हात लागतात. दुपारी बहुतेक पेशंट पडून राहतात, तेव्हा शेजारच्या निवृत्त काकू पुस्तक घेऊन बसल्या तरी चालतं. संध्याकाळी चार ते नऊ या वेळात मात्र ओळखीचं, शांत आणि घाई नसलेलं माणूस हवं. रात्र कशी जाते त्यावर रात्रीची सोय ठरेल. काही पेशंट झोपतात, काही तीनला उठून देवपूजेची तयारी करतात. असा दिवस पाडला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपल्याच वस्तीत अशा कितीतरी बायका असतात ज्यांना घरच्या पोरांमुळे बारा तास जमत नाहीत, पण पाच तास आनंदाने जमतात. ब्युरोच्या यादीत त्या कधीच येत नाहीत. भाजीवाली, पोळ्यावाल्या ताई, अंगणवाडीच्या मदतनीस यांना विचारलं तर सापडतात.

ओळखीचं माणूस यावर मी भर देतो याचं कारण अंघोळ. ज्या घरात डिमेन्शियाचा पेशंट आहे त्या घराला हे वेगळं सांगायला नको. आयुष्यभर पदर न ढळू दिलेल्या बाईला आज कोण कुठलं माणूस न्हाणीघरात नेऊन लुगडं सोडायला लागलं, तर ती मारते, चावते, ओरडते. आपण त्याला आक्रमकपणा म्हणतो आणि डॉक्टरांकडून गोळी वाढवून आणतो. तिच्या बाजूने पाहिलं तर ती स्वतःला वाचवत असते. दर तीन-चार दिवसांनी नवी 'बदली' पाठवणारा ब्युरो तिच्यावर दर तीन-चार दिवसांनी हा प्रसंग आणतो. आमच्या आईला 'अंघोळ' म्हटलं की राग यायचा. तिचं करणाऱ्या एका मावशींच्या लक्षात आलं की 'पाणी तापलंय हो, निवेल' असं नुसतं म्हणून बाजूला झालं की ती आपणहून उठते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आम्हा पोरांनाही सुचलं नव्हतं. मावशींनी ते घरातल्या वहीत लिहून ठेवलं आणि त्या गावाला गेल्या तेव्हा बदलीच्या बाईच्या उपयोगाला आलं.

त्या वहीबद्दल थोडं. औषधांचा तक्ता सगळेच लिहितात. त्याहून मोलाची असते ती पेशंटची माहिती. कुठल्या नावाने हाक मारली की ओ देतात, कुठल्या मेलेल्या माणसाबद्दल विचारतात आणि तेव्हा काय म्हणायचं, चहा कपात की पेल्यात, संडासला जायचं असलं की चेहरा कसा होतो, कोणती गाणी लावल्यावर बसून राहतात. उतारवयात या आजाराने मागून शिकलेली भाषा मागे पडते आणि लहानपणीची वर येते, हा अनेक घरांचा अनुभव आहे. पन्नास वर्षं गिरगावात काढलेली आजी पुन्हा मालवणीत बोलू लागते, पुण्यात मुलाकडे आलेले आजोबा अहिराणीत. तशी बोली येणारी बाई मिळाली तर तिच्या दोन शब्दांनी जे होतं ते झोपेच्या गोळीने होत नाही. ब्युरोला फोन करताना आपण वय आणि वजन सांगतो. गाव कोणतं, हेही सांगायला हवं.

आता त्या बाईकडे वळू. तिच्याशिवाय हा विषय मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपण ब्युरोला जे पैसे देतो त्यातले किती तिच्या हातात पडतात, हे बहुतेक घरांना माहीत नसतं, आणि विचारणं आपल्याला प्रशस्त वाटत नाही. तिला भरपगारी सुट्टी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, पेशंट गेला की दुसऱ्या दिवसापासून काम नाही. ज्या माणसाचं तिने दोन वर्षं हगणं-मुतणं काढलं त्याच्या जाण्याचं दुःख करायलाही तिला वेळ मिळत नाही, पुढची ड्युटी शोधावी लागते. तिची पाळी पेशंटसाठी आहे असं ठरवून आपण तिला भांडी घासायला सांगतो, पाहुण्यांना चहा करायला सांगतो. तिचा कप वेगळा ठेवणारी घरं आजही आहेत, आणि ती शिकलेल्यांची आहेत.

दोन गोष्टी त्याहून कठीण आहेत. पहिली चोरीचा आळ. आपण ठेवलेली वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही तेव्हा पेशंटच्या मनाला एकच उत्तर सापडतं, कुणीतरी नेली. आजाराचंच हे लक्षण आहे, आणि घरातल्यांना ते माहीत असतं. तरीही आईने चौथ्यांदा 'हिने माझ्या पाटल्या घेतल्या' म्हटलं की मुलाच्या डोळ्यांत क्षणभर शंका येते आणि ती बाईला दिसते. यावर उपाय सोपा आहे. पहिली बाई घरात येण्याआधी दागिने आणि रोकड लॉकरमध्ये जायला हवी, आणि ते सगळं कुठे आहे हे बाईसकट सगळ्यांना माहीत हवं. असं केल्याने आपण तिच्यावर अविश्वास दाखवत नाही, उलट आळाला जागाच ठेवत नाही. दुसरी गोष्ट बोलायला आपण कचरतो. या आजारात मनाचा लगाम सुटतो, आणि जे आयुष्यभर सभ्यपणाखाली झाकलेलं होतं ते तोंडावर येतं. आजी बाईला जात विचारतात, नको ते बोलतात, तिच्या हातचं पाणी लोटून देतात. काही आजोबांचे हात जागेवर राहत नाहीत. पेशंटला दोष देऊन उपयोग नाही हे खरं, पण म्हणून बाईने ते गिळावं हे कुठून आलं? तिच्या देखत, मोठ्याने, 'हे चुकीचं आहे, आम्ही तुमच्या बाजूने आहोत' असं घरातल्या कर्त्या माणसाने म्हणायला हवं. जिथे अंगचटीला जाण्याचा धोका आहे तिथे बाई एकटी ठेवू नये, पुरुष अटेंडंट बघावा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा राहत्या घरालाही कामाचं ठिकाण मानतो आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, हे तिला सांगणं ही आपली जबाबदारी आहे. बाया टिकत नाहीत अशी तक्रार करण्याआधी त्यांनी काय सोसलं हे पाहायला हवं.

भावंडांमध्ये हा हिशेब मांडणं अवघड जातं. एक भाऊ न्यू जर्सीत, एक बहीण ठाण्यात, आई-वडील डोंबिवलीत किंवा कोथरूडला. परदेशातला मुलगा पैसे पाठवतो आणि मनापासून पाठवतो. बहीण महिन्यात कितीतरी वेळा 'आज बाई आली नाही' या फोनवर रजा टाकते. वर्षअखेरीस दोघांनाही वाटतं आपणच जास्त केलं. पैसे आणि तास ही दोन वेगळी खाती आहेत, एकातली शिल्लक दुसऱ्यात जमा होत नाही. लांबच्या भावाने तासही द्यावेत, आणि तसे ते देता येतात. ब्युरोशी बोलणं, बदली शोधणं, औषधं मागवणं, बँकेची कामं, बिलं, विम्याचा पत्रव्यवहार हे सगळं त्याला तिथून करता येतं, आणि हे काम आठवड्याला कितीतरी तास खातं. वर्षातून एकदा तो येतो तेव्हा पाहुणा म्हणून येण्याऐवजी तीन आठवडे बहिणीच्या जागी उभा राहिला, आणि त्या काळात ती गावात नसली, तर त्या घरातली निम्मी भांडणं मिटतील. घरी राहून करणाऱ्या बाईला, ती सून असो की मुलगी, आठवड्यातला एक पूर्ण दिवस हक्काने मिळायला हवा. तिने मागितला तर बघू, असं नको. कोणता दिवस ते आधी ठरलेलं असावं.

कागदपत्रांची बाब लवकर उरकायची असते, म्हणून इथेही लवकर सांगतो. पुष्कळ घरांत वडिलांनी मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र केलेलं असतं आणि ते शेवटपर्यंत चालेल असा समज असतो. भारतीय करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की अधिकार संपतो, म्हणजे गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. त्यामुळे निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत, त्यांना समजतंय तोवर, त्यांच्याच इच्छेने मृत्युपत्र, संयुक्त खातं आणि नामनिर्देशन करून घ्यावं. बाईचा पगार ज्या खात्यातून जायचा ते खातं गोठलं तर कितीही चांगली घडी बसवलेली असो, ती पंधरा दिवसांत मोडते.

पैशांचा हिशेब करू. एका पाळीचे नऊशे रुपये धरले, तर महिन्याच्या साठ पाळ्यांचे ५४,००० होतात. डायपर, औषधं, डॉक्टर वेगळे. आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाचा असतो, घरी बसणाऱ्या मावशीचा पगार त्यात येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचं वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळालं, ही चांगलीच गोष्ट झाली, पण तेही रुग्णालयापुरतं. आणि डिमेन्शियाच्या पेशंटला रुग्णालयापेक्षा माणूस जास्त लागतं. गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे वरच्या दराने दोन पाळ्यांचेही नाहीत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे. त्यात मुलांना महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला लावता येतो. हा कायदा करताना डोळ्यांसमोर आई-बापांना टाकून देणारी मुलं होती. अशी मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी कायदा हवाच. पण करायची इच्छा असलेली, करता करता मोडून पडणारी मुलं त्याच्या नजरेत कुठेच नाहीत. त्यांना देण्यासारखं राज्याकडे काही नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी डिमेन्शिया झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली होती. हत्तीमागे निघून गेलेल्या त्या म्हाताऱ्याला सांभाळते ती माहुताची बायको. मराठी प्रेक्षक तो चित्रपट पाहून हळवा झाला, आणि त्या हळवेपणाला मी कमी लेखत नाही. पण त्या माहुताच्या बायकोच्या जागी आज आपल्या घरात जी उभी आहे तिच्या कामाला समाज म्हणून आपण काय देतो, हा त्यातूनच येणारा प्रश्न आपण पुढे नेला नाही.

पुढे न्यायचा तर महाराष्ट्राला कुठे लांब पाहायला नको. याच राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. डोक्यावर ओझं वाहणारा हमाल आज या गाळ्यात तर उद्या त्या गाळ्यात काम करतो, त्याचा एक मालक नसतो, म्हणून त्याला कसलंच संरक्षण मिळत नाही, ही अडचण अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने पुढे आणली. उत्तर असं निघालं की मंडळ स्थापन करायचं, कामगार आणि मालक दोघांनी तिथे नोंद करायची, मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची, ज्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा आणि औषधपाणी निघेल. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी तशीच मंडळं आली. आपल्या सोसायटीच्या फाटकावरच्या माणसासाठी राज्याला जे सुचलं ते त्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर आजीला भरवणाऱ्या बाईसाठी सुचू नये असं काही कारण नाही. तिचंही काम अनेक घरांत विखुरलेलं आहे, तिचाही एक मालक नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आणि कल्याण मंडळ आहे, पण ते नोंदणी आणि काही आर्थिक मदतीच्या पुढे जात नाही. काम देणं, पगार वळता करणं, बदली पाठवणं ही माथाडी मंडळासारखी कामं त्याच्याकडे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करायला केंद्राला सांगितलं आहे. महाराष्ट्राने त्यासाठी थांबायची गरज नाही.

शुश्रूषा कामगारांचं असं मंडळ प्रत्येक महापालिका क्षेत्रात असलं तर तिसऱ्या माणसाचा प्रश्न तिथे सुटू शकतो, एकेकट्या घरात तो सुटणारच नाही. एका घराला आठवड्यात दोन-तीन जादा पाळ्या लागतात, तेवढ्यासाठी कुणी बाई राखून ठेवू शकत नाही. दोन-तीन घरं मिळून मात्र एक पूर्णवेळ बदली बाई ठेवू शकतात, आणि त्या सगळ्या पेशंटांना तिची ओळख असू शकते. मंडळाने अशी गटांची बांधणी करावी, डिमेन्शियाचं वेगळं प्रशिक्षण द्यावं आणि ते घेतलेल्या बाईला जास्त दर ठरवून द्यावा.

खेड्यांत ब्युरो नाही आणि मंडळही लगेच पोचणार नाही. मघाच्या देशव्यापी अभ्यासात ग्रामीण भागातलं डिमेन्शियाचं प्रमाण ८.४ टक्के आहे, शहरी भागातलं ५.३. तिथल्यासाठी गोव्यातला अनुभव उपयोगी आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, प्रशिक्षण दिलेल्या सल्लागारांनी घरोघरी नियमित जाऊन आजार समजावून दिला, त्रास देणारं वागणं कसं हाताळायचं ते दाखवलं, सरकारी योजनांची माहिती दिली, गरज असेल तिथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. सहा महिन्यांत पेशंटचा आजार हटला नाही, पण करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मोजण्याइतकं सुधारलं. आशा ताईंच्या आधीच भरलेल्या पिशवीत आणखी एक काम कोंबून हे होणार नाही, त्यासाठी वेगळी, पगारी माणसं नेमावी लागतील. गोव्याला जे दोन तालुक्यांत करता आलं ते सिंधुदुर्गात किंवा धुळ्यात करून पाहायला अडचण पैशांची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. लेव्ही लागली, सुट्टी भरपगारी झाली, तिसरं माणूस ठेवलं, तर ५४,००० चे ७०,००० होतील, आणि मध्यमवर्गीय घराला आहे तेच परवडत नाही. माझं उत्तर असं की तो खर्च आजही होतो आहे. तो सुनेच्या सोडलेल्या नोकरीतून जातो, मुलीच्या रक्तदाबातून जातो, आणि मावशीच्या म्हातारपणातून जातो, कारण तिच्यासाठी कुणी एक रुपयाही साठवलेला नाही. पावती फुटत नाही म्हणून तो दिसत नाही. तो एका घराने एकट्याने उचलावा असं मी म्हणत नाही. जपानने २००० पासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता घ्यायला सुरुवात केली, जर्मनीने १९९५ पासून तसा विमा आणला. ते देश श्रीमंत आहेत, पण सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्या घरी वेळ येईल त्याला द्यायचं ही कल्पना श्रीमंतांची मक्तेदारी नाही. माथाडी मंडळाची लेव्ही याच कल्पनेवर पन्नासहून अधिक वर्षं चालते आहे. राज्याने सुरुवातीला गरीब पेशंटच्या घरची लेव्ही स्वतः भरावी, मध्यम उत्पन्नाच्या घरांना दर पाळीमागे काही भाग परत द्यावा, आणि ज्यांना परवडतं त्यांनी पूर्ण दर द्यावा. ज्यांना परवडतं त्यांत हा लेख वाचणारे पुष्कळ जण असतील. आपल्या आईला भरवणाऱ्या बाईच्या रविवारचे पैसे द्यायला आपण तयार आहोत का, हे आधी आपल्यालाच सांगावं लागेल. सरकारकडे मागणी घेऊन जायचं ते त्यानंतर.